उन्हाळ्याच्या तोंडावर कडे आणि टेकड्या: तुमचे प्रश्न

प्रश्न (कोथरूड): ताई, आमचा चौघांचा ग्रुप आहे, गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स झालाय पण सगळी थंडी ऑफिसात गेली. आता मार्चमध्ये लिंगाण्याचा सुळका किंवा तैलबैल्याची भिंत चढायची म्हणतोय तर घरचे म्हणतात उन्हात मरायला चाललात का. सीझन खरंच संपला का हो?

उत्तर: संपला नाही, पण घरचे अगदीच चूक नाहीयेत. कातळ म्हणाल तर या दिवसांत एकदम झकास असतो, पावसाळ्यानंतर कितीतरी दिवस कपारीतून जे पाणी झिरपत राहतं आणि शेवाळं धरतं ते सगळं सुकलेलं असतं त्यामुळे बुटाला ग्रिप छान मिळते. घोडं अडतं ते उन्हापाशी, आपला दगड बेसाल्ट, काळा, तो तापतो पटकन आणि निवायला रात्र उजाडते. साडेदहा-अकरा वाजून गेले की होल्डवर, म्हणजे दगडातल्या पकडीवर, बोटं ठेववत नाहीत आणि हाताला असा घाम फुटतो की चॉकची पूड लावूनही उपयोग नाही. म्हणून मार्चमध्ये सुळका ठरवायच्या आधी चढाईच्या बाजूचं तोंड कुठे आहे ते बघायचं, मोबाईलमधल्या होकायंत्रावर दोन मिनिटांत कळतं. कोकणात उतरणारे पश्चिमेकडचे कडे सकाळभर सावलीत असतात आणि दुपारनंतर जे भाजायला लागतात ते दिवस मावळेपर्यंत. लिंगाण्याचं उलटं, मोहरी गावातून बोराट्याच्या नाळेनं उतरून खिंडीतून चढायचं म्हणजे पूर्वेची बाजू, सूर्य वर आला की थेट पाठीवर, म्हणून तिथे लोक अंधारातच रोप लावायला घेतात.

पण खरं सांगू का, नुसत्या बेसिक कोर्सवर चौघंच लिंगाण्याला जाऊ नका. आधी दुधिवरे खिंडीत सरावाला दोन-चार रविवार घालवा, मग कोणीतरी मुरलेला लीडर घेऊन तैलबैला, आणि लिंगाणा पुढच्या थंडीत. आपल्या सह्याद्रीत लाव्हाचे थरावर थर आहेत आणि दोन थरांच्या मध्ये कधीकधी एक लालसर मऊ पट्टा लागतो, दिसायला होल्ड पण हातात माती येते. कुठलाही होल्ड धरायच्या आधी पेरांनी ठोकायचा, पोकळ वाजला की सोडून द्यायचा. आधीच्या ग्रुपने सोडलेला रोप आणि गंजलेले बोल्ट, मेखा यांच्यावर जीव टांगायचा नाही, मग त्या कितीही पक्क्या वाटोत. अजून एक, फेब्रुवारीपासून वणवे लागतात (लावतात म्हणा, गवत पुढच्या वर्षी जोमाने येतं या समजुतीने) आणि जळलेल्या उतारावर दगडांना धरून ठेवणारं काही उरत नाही, वरून एक वानर पळालं तरी खाली वर्षाव. हेल्मेट चढणाऱ्याला हवंच पण खाली बिले देणाऱ्यालाही (म्हणजे चढणाऱ्याचा रोप सांभाळणाऱ्यालाही) हवं, तो बिचारा एका जागी खिळलेला असतो.

मला विचाराल तर गुढीपाडव्यानंतर मोठ्या भिंतींचं नाव काढू नये.

प्रश्न (चिंचवड): दरवर्षी याच दिवसांत गडावर मधमाश्यांनी हल्ला केल्याच्या बातम्या येतात. आम्ही रात्रीच चढाई सुरू करणार आहोत, माश्या रात्री झोपलेल्या असतात ना? आणि रोपवर असताना आल्या तर काय करायचं?

उत्तर: हा प्रश्न उन्हापेक्षा मोठा आहे आणि लोक तो शेवटी विचारतात. कड्यांना लटकलेली ती मोठी पोळी आग्या माश्यांची. काटेसावर, पळस, पांगारा फुलतो, मागून करवंदी येतात, तसं या माश्यांचं येणं आणि पोळी वाढणं चालू होतं, आणि यांना पोळं बांधायला आवडतं ते नेमकं ओव्हरहँगच्या, म्हणजे बाहेर झुकलेल्या कातळाच्या खाली, जिथून आपली रॅपलिंगची (रोपवरून उतरायची) लाईन जाते तिथेच.

रात्री झोपतात हे डोक्यातून काढून टाका. आग्या माश्या चांदण्या रात्री मध गोळा करायलासुद्धा बाहेर पडतात आणि पोळं डिवचलं गेलं तर अंधारात त्या उजेडाकडे येतात, उजेड कुठे असतो तर तुमच्या कपाळावर, हेडटॉर्चमध्ये. म्हणून आदल्या दिवशी उजेडी दुर्बिणीतून सगळी भिंत नीट बघायची, गावातल्या गुराख्याला विचारायचं, त्याला बरोब्बर माहीत असतं यंदा पोळं कुठे आहे ते. लाईनच्या आसपास दिसलं की रूट रद्द, चर्चा नाही. "आपण बाजूने हळूच जाऊ" म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, त्याला खाली स्वयंपाकाला ठेवा.

लांबून बघताना एक गोष्ट बघून ठेवा. पोळ्याच्या काळपट पडद्यावरून एकदम लाट गेल्यासारखी चमक सरकते, हजारो माश्या ओळीने पोटं वर उचलतात म्हणून तसं दिसतं. गांधीलमाशी जवळ आली की त्या असं करतात, म्हणजे पहारा जागा आहे. ते दिसायला लागलं की आवाज बंद, परफ्यूम मारलेला मित्र मागे, सिगरेट आणि शेकोटीचं तर नावच नको, ड्रोन बॅगेत.

आल्याच तर जमिनीवर असलेल्यांनी तोंड, मान, डोकं कपड्याने झाकून सरळ लांब पळायचं, हात झटकत उभं राहायचं नाही, माश्या मारायच्या तर अजिबात नाहीत. नांगी टोचली की तिच्यातून एक वास सुटतो आणि त्या वासावर बाकीच्या त्याच जागी येतात, म्हणून लांब गेल्यावर नांगी नखाने खरवडून लगेच काढायची. रोपवर असलेल्याला पळता येत नाही, त्याच्यासाठी एकच गोष्ट आधी करता येते, बिले देणाऱ्याने पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डोक्यावरून येणारी जाळी जवळ ठेवायची आणि काहीही झालं तरी रोप न सोडता त्याला खाली घ्यायचं. ज्याला घसा आवळल्यासारखं, श्वास लागल्यासारखं होतंय, अंगावर गांध्या उठतायत, चक्कर येतेय त्याला ॲलर्जीची गोळी देऊन वाट बघत बसू नका, त्याला ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं, १०८ ला फोन करा आणि रस्त्याकडे निघा. पुष्कळ डंख झाले असतील तर माणूस ठीक दिसला तरी दवाखान्यात न्या, विषाचा परिणाम किडनीवर नंतर दिसू शकतो.

प्रश्न (बावधन): ताई, नवीन एमटीबी (माउंटन बाइक) घेतली, २९ इंची चाकं, ट्यूबलेस. पावसाळ्यात ट्रेल्स मस्त वाटल्या होत्या, आता वेताळ टेकडीवर वळणावर सारखी घसरतेय. टायर बदलू का?

उत्तर: पैसे वाचव, आधी हवा कमी कर. दुकानातून येताना टायर टम्म फुगवून देतात. पावसाळ्यात माती दबलेली असते, आता वर सुटा मुरूम आहे आणि खाली सलग कातळ, म्हणजे ज्वारीच्या दाण्यांवर चाक फिरवल्यासारखंच झालं. वजन सत्तरच्या आसपास असेल तर २५ ते २८ पीएसआयवर चालवून बघ, ट्यूब असती तर थोडी जास्त ठेवावी लागली असती. ब्रेक वळणाच्या आधी संपवायचा, वळणात पुढचा ब्रेक दाबलास की चाक गेलंच. आणि गिरिपुष्पाची पानं याच दिवसांत गळतात, त्यांच्या थराखाली दगड आहे की खड्डा काही दिसत नाही तिथे वेग कमी. बाभळीच्या काट्यांचं तू बघशीलच, टायरमधलं भोक बुजवणारं सीलंट उन्हाळ्यात लवकर सुकतं, दोन महिन्यांनी व्हॉल्व्ह काढून तपास. चेनला घट्ट तेल नको, धूळ धरून त्याची खळ होते, ड्राय ल्यूब लाव.

आता एक विनंती. पायवाट सोडून नवीन लाईन पाडू नकोस. मार्चपासून टिटव्या अंडी घालतात, घरटं वगैरे काही नाही, उघड्या मुरमावर खळगा करून आजूबाजूला खडे मांडलेले आणि त्यात मातकट रंगाची, काळे ठिपके असलेली अंडी, दोन फुटांवर उभं राहूनही दिसत नाहीत. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की थांब, सायकल उचल आणि आलास तसा मागे जा. सकाळी सहा ते आठ टेकडी फिरायला येणाऱ्या आजी-आजोबांची, तेव्हा उतारावर घंटी वाजवत सुसाट येणं बरं दिसत नाही, त्यांनी काठी उगारली तर मी त्यांच्या बाजूने.

प्रश्न (हडपसर): एप्रिलच्या सुट्टीत मनाली ते लेह सायकलने जमेल का? अटल बोगदा झाल्यापासून रस्ता बारमाही आहे असं ऐकलं.

उत्तर: अर्धवट ऐकलंत. ९ किलोमीटरचा तो बोगदा २०२० मध्ये सुरू झाला आणि त्याने रोहतांग टळला, केलाँगपर्यंतचं येणंजाणं सोपं झालं. पण पुढे बारालाचा ला आहे, ४,८९० मीटर, तिथला बर्फ बीआरओ (सीमा सडक संघटना) कधी काढेल ते वर्षावर्षाला बदलतं, कधी मार्चअखेर तर कधी मे उजाडतो. रस्ता उघडला तरी दुपारी बर्फ वितळून रस्त्यावर ओढे वाहतात आणि रात्री तेच गोठतात. रजा जूनअखेर ते सप्टेंबरमध्ये टाका.

प्रश्न (सिंहगड रोड): घाटमाथ्यावरच्या गावात मुक्काम करून चढाई करणार आहोत. पाणी गावात मिळतं का, की सगळं ओझं इथून न्यायचं?

उत्तर: इथूनच न्या. घाटमाथ्यावर पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस पडतो हे खरं, पण तो उतार आणि तो कातळ, पाणी मुरतच नाही, सगळं कोकणात नाहीतर धरणात, आणि होळी झाली की त्याच गावातल्या बाया हंडे घेऊन लांबच्या झऱ्यावर जातात, कुठे टँकर येतो. तुम्ही आठ जण गेलात, प्यायला, स्वयंपाकाला आणि वर आंघोळीला म्हणून विहिरीवर बादली टाकलीत तर ते नाही म्हणणार नाहीत, पाहुण्याला पाणी नाही कोण म्हणतं, पण घरात काय होतं ते तुम्हाला दिसत नाही. गडावरच्या टाक्यांवर भरवसा नको, आटलेली असतील नाहीतर हिरवी. माणशी पाच लिटर धरा, त्यातलं एक लिटर मीठ-साखर-लिंबू घालून. जेवण मात्र गावातच सांगा, आदल्या दिवशी फोन करून, पिठलं-भाकरी आणि ताक, त्याचे पैसे न घासता द्या आणि जास्तीचा एक वीस लिटरचा जार गाडीत टाकलात तर तो त्या घरी ठेवून या.