'प्रोटेस्ट' म्हणजे फक्त निषेध का? 'अंडर प्रोटेस्ट सही केली' याचा अर्थ कसा लावायचा?

तुम्ही लिहिलंय की एमपीएससीच्या सरावात 'ही प्रोटेस्टेड हिज इनोसन्स' आणि 'शी साइन्ड अंडर प्रोटेस्ट' अशी दोन वाक्यं आली, आणि 'प्रोटेस्ट म्हणजे निषेध, आंदोलन' हा पाठ केलेला अर्थ दोन्हीकडे बसेना. तो बसणारच नाही. पहिल्या वाक्यातला माणूस स्वतःच्या निर्दोषपणाचा निषेध करत नाही. 'मी हे केलेलं नाही' असं तो ठासून, पुन्हा पुन्हा सांगतो आहे. दुसऱ्या वाक्यातली बाई मोर्च्यात नाही. ती सही करते आहे आणि त्याच वेळी नोंदवते आहे की ही सही माझ्या मर्जीची नाही.

परीक्षेपुरतं एवढं पुरेल. पण 'अंडर प्रोटेस्ट' या दोन शब्दांवरून आमच्या घरात दोन भावांमध्ये जे वितुष्ट आलं ते अजून मिटलेलं नाही, म्हणून पुढचं लिहिते. मी नागपूरला जिल्हा न्यायालयाच्या आवारात अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाइप करून देते. हा शब्द माझ्या हाताखालून रोज जातो.

आमचं गाव काटोलकडचं. बाबा आणि काकाजी यांची वावरं एकमेकांना लागून, मधे फक्त धुरा, म्हणजे बांध. एका सरकारी प्रकल्पासाठी दोघांचीही जमीन संपादनात गेली, एकाच अधिसूचनेत. निवाडा, म्हणजे मोबदला ठरवणारा आदेश, हाती आला तेव्हा कळलं की बाबांची ओलिताची जमीन कोरडवाहू धरली आहे. विहीर होती, पंपाचं वीजबिल होतं, पटवाऱ्याच्या पेरेपत्रकात संत्र्याची नोंद होती. तरी कोरडवाहू. संत्र्याची ऐन बहारावरची झाडं नुकत्याच लावलेल्या कलमांसारखी मोजली होती. काकाजींचंही तेच.

बाबा चौथी शिकलेले. पण गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी त्यांना सांगून ठेवलं होतं की पैसे घे, नाही घेतले तर तुझंच घर अडेल, मात्र पावतीवर सहीच्या वर 'अंडर प्रोटेस्ट' लिहिल्याशिवाय सही करू नको. त्यामागे ठोस कारण होतं. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात कलम १८ खाली वाढीव मोबदल्यासाठी न्यायालयात प्रकरण पाठवायला लावता येत असे, आणि कलम ३१ मध्ये स्पष्ट लिहिलं होतं की ज्याने रक्कम 'अंडर प्रोटेस्ट' न म्हणता घेतली त्याला कलम १८ चा अर्ज करण्याचा हक्क नाही. म्हणजे तेवढे दोन शब्द नसतील तर ओलिताचे सगळे पुरावे पिशवीत घेऊन फिरा, ऐकणारं कोणी नाही.

धनादेश घ्यायला आम्ही तिघं गेलो. मी तेव्हा नागपूरला कॉलेजात होते, बाबांनी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. तिथल्या कारकुनानं पावती पुढे सरकवली आणि बाबांनी लिहायला सुरुवात करताच हात धरला. म्हणाला, असं काही लिहिता येत नाही, लिहायचं असेल तर धनादेश आज मिळणार नाही. काकाजी घाबरले. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, पैशाची वाट पाहणारे दारात बसले होते.

"काहून लिहिता जी दादा असं?" ते म्हणाले. "सरकारसंग भांडण कराचं आहे का? प्रोटेस्ट म्हणजे दगडफेक. आपण शेतकरी माणसं."

बाबा म्हणाले, "भांडण नाही करत. पैसा घेतो. पण राजीखुशीनं नाही घेत, एवढंच लिहितो."

काकाजींनी नुसती सही केली आणि धनादेश घेऊन बाहेर गेले. बाबा बाकावर बसून राहिले. मी त्याच जागी साध्या कागदावर अर्ज लिहिला: पावतीवर हरकत नोंदवू दिली जात नाही, कृपया तसं लेखी द्यावं. हा अर्ज आवकमध्ये द्यायला गेले तेव्हा आतून निरोप आला की लिहू द्या त्यांना काय लिहायचं ते. लेखी नकार द्यायला तिथं कोणी तयार नव्हतं. बाबांनी देवनागरीत, एकेक अक्षर कोरल्यासारखं 'अंडर प्रोटेस्ट' लिहिलं, खाली सही केली, आणि धनादेश त्याच दिवशी मिळाला. मला त्या माणसाचा आजही अभिमान वाटतो. इंग्रजीचं एक वाक्य न बोलता आलेल्या माणसाला या शब्दाचा गाभा कळला होता.

कारण शब्दाच्या मुळाशी आरडाओरडा नाहीच. लॅटिनमध्ये 'टेस्टिस' म्हणजे साक्षीदार. टेस्टिमनी, टेस्टामेंट, अटेस्ट ही सगळी त्याच घरातली. 'प्रोटेस्ट' म्हणजे चारचौघांसमोर साक्ष देऊन ठेवणं, जाहीर सांगून ठेवणं. १५२९ मध्ये जर्मनीतल्या श्पायर इथं धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या बाजूच्या राजांनी आणि नगरांनी बहुमताच्या ठरावाविरुद्ध असंच लेखी निवेदन नोंदवलं, त्यावरून 'प्रोटेस्टंट' हे ख्रिस्ती पंथाचं नाव पडलं. ते निवेदनच होतं, मोर्चा नव्हता. घोषणा आणि फलकांचा अर्थ फार नंतर आला आणि वर्तमानपत्रांमुळे तोच पहिला होऊन बसला. तुमचं पहिलं वाक्य, निर्दोषपणाचं, हे जुन्या अर्थाचं आहे. तिथं प्रोटेस्ट म्हणजे ठासून सांगणं.

हाच जुना अर्थ कायद्याच्या भाषेत जागोजागी टिकून आहे. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमात, म्हणजे हुंडी-धनादेशांच्या कायद्यात, कलम ९९ आणि १०० पाहा. हुंडी नाकारली गेली की नोटरी तशी नोंद करतो आणि मग प्रमाणपत्र देतो. त्या प्रमाणपत्राचं नावच 'प्रोटेस्ट'. जहाजाचा कप्तान वादळात मालाची नासधूस झाली तर बंदरावर उतरून नोटरीपुढे निवेदन करतो, तेही प्रोटेस्ट. पोलिसांनी तपास बंद करण्याचा अहवाल दिला, आपल्याकडे ज्याला समरी म्हणतात, तर फिर्यादी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जो अर्ज करतो त्याला 'प्रोटेस्ट पिटिशन' म्हणतात. हा मी स्वतः कितीदा टाइप केला आहे. या सगळ्यांत कोणी रस्ता अडवत नाही. प्रत्येकजण सांगतो आहे की माझं म्हणणं आत्ताच्या आत्ता नोंदवून घ्या, नंतर म्हणू नका की हा गप्प होता.

उच्चाराचं विचारलं नाहीत, पण परीक्षेत येतं: नाम असेल तर जोर 'प्रो'वर, क्रियापद असेल तर 'टेस्ट'वर. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत 'प्रोटेस्ट अगेन्स्ट द डिसिजन' लिहितात, अमेरिकन इंग्रजीत नुसतं 'प्रोटेस्ट द डिसिजन' चालतं. आपल्या परीक्षेत 'अगेन्स्ट' लिहा. मराठीत 'अंडर प्रोटेस्ट'ला 'निषेधासह' म्हणणं मला पटत नाही. 'हरकत नोंदवून' किंवा 'हरकत राखून' हे बरोबर आहे, कचेरीतही तेच चालतं.

बाबांचं प्रकरण वरिष्ठ स्तराच्या दिवाणी न्यायाधीशांपुढे गेलं. वर्षं लागली. विहिरीची नोंद, वीजबिलं, शेजारच्या गावातली खरेदीखतं, सगळं दाखल झालं. जमीन ओलिताची ठरली आणि दर वाढला. त्या कायद्यात बाजारभावावर ३० टक्के दिलासा रक्कम होती, आणि न्यायालयानं वाढवलेल्या रकमेवर पहिल्या वर्षी ९ टक्के, पुढे १५ टक्के व्याज. त्यामुळे लांबलेल्या वर्षांचं ओझं काही अंशी तरी भरून निघालं.

काकाजी तेव्हापासून सांगतात, "दादाले वकील चांगला भेटला." लग्नाकार्यात, तेरवीत, पाव्हण्यांसमोर सांगतात. हे खरं नाही. वकील चांगलेच होते, पण पावतीवर ते दोन शब्द नसते तर वकिलाला न्यायालयाचं दारही उघडता आलं नसतं. आणि दुसरी गोष्ट ते कधीच सांगत नाहीत. त्या कायद्यात १९८४ साली कलम २८अ घातलं गेलं. एकाच अधिसूचनेतल्या एखाद्याला न्यायालयानं मोबदला वाढवून दिला, तर ज्यांनी कलम १८ चा अर्ज केला नव्हता तेही न्यायालयाच्या निवाड्यापासून तीन महिन्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे तोच हिशेब मागू शकत होते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २००२ मध्ये सांगितलंही की या कलमासाठी रक्कम हरकत नोंदवून घेतली होती की नाही हे पाहायचं नाही. मी अर्ज टाइप करून, निकालाची नक्कल जोडून काकाजींच्या घरी नेला होता. फक्त सही करायची होती. "दादाच्या निकालावर मी पैसे मागू का?" म्हणाले आणि कागद परत केला. काकूंनी समजावलं, मुलानं समजावलं. मुदत गेली.

आज त्यांचा मुलगा म्हणतो की आम्ही त्यांना वेळेवर सांगितलं नाही. पावतीच्या दिवशी बाबांनी सांगितलं होतं, त्या तीन महिन्यांत मी सांगितलं होतं. काकाजींनी दोन्हीदा ऐकून घेतलं आणि दोन्हीदा नाही म्हटलं, कारण 'प्रोटेस्ट करणारे' म्हणजे वाईट माणसं हे त्यांनी मनात पक्कं धरलेलं होतं. चुकीचा अर्थ धरून बसल्यानं माणसाचं खरोखरचं नुकसान होतं, आणि शाळेत शब्दाचा एकच अर्थ घोकून घेणाऱ्यांना हे दिसत नाही याचा मला राग येतो.

यावरून मोर्च्याला कमी लेखते असं समजू नका. नागपुरात हिवाळी अधिवेशन सुरू झालं की यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात, टेकडी रोडला किंवा मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटला अडवले जातात, हे आम्ही लहानपणापासून पाहतो. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाच्या मोर्च्यात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसं गेली, त्यात बाया आणि लेकरंही होती. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आज आदिवासी गोवारी शहिदांचं नाव आहे. ती माणसंही सांगायलाच आली होती की आमचं म्हणणं नोंदवून घ्या. काकाजींनी ज्या सुरात 'दगडफेक' म्हटलं, त्या सुरात त्यांच्याबद्दल बोलायचा अधिकार कोणालाच नाही.

आता थोडं सावध करते. नवा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे. त्यातही कलम ७७ मध्ये हीच अट आहे आणि वाढीव मोबदल्याचा अर्ज कलम ६४ खाली होतो. मुदत ठरलेली असते: निवाड्याच्या वेळी हजर असाल तर तिथून सहा आठवडे, नसाल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यातलं जे आधी संपेल ते. पैसे घेण्याआधीच अर्ज टाकला असेल तर त्यातूनच हरकत दिसते असंही न्यायालयांनी मानलं आहे, पण त्या भरवशावर पावती कोरी सोडू नका. आणि सरकारला थेट खरेदीनं जमीन दिली असेल तर तो तुमच्या संमतीचा दस्त असतो, तिथं 'अंडर प्रोटेस्ट' लिहून काही उपयोग नाही. जे काय भांडायचं ते सहीच्या आधी. मी वकील नाही, तुमच्या प्रकरणात वकिलाला कागद दाखवाच.

तुम्ही परीक्षेसाठी विचारलंत, पण पास झालात तर उद्या अशाच एखाद्या टेबलापलीकडे तुम्ही बसाल. समोरचा शेतकरी पावतीवर हे दोन शब्द लिहू लागला तर त्याचा हात धरू नका. आणि तुमच्या स्वतःच्या घरची जमीन जात असेल तर पावतीवर सहीच्या वर लिहा: 'रक्कम अपुरी असल्याने हरकत नोंदवून, अंडर प्रोटेस्ट स्वीकारली', खाली तारीख टाका, त्या पावतीची झेरॉक्स मागून घ्या, आणि त्याच मजकुराचा वेगळा अर्ज आवकमध्ये देऊन आपल्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांक घ्या.