पुतळ्यावरचा सराव आणि समोरचं मॉडेल

प्रश्न : दोन वर्षं अँटिक, म्हणजे प्राचीन पुतळ्यांच्या प्लास्टर प्रतींवरून ड्रॉइंग केलं. आता लाइफ क्लासमध्ये, म्हणजे जिवंत मॉडेल समोर असताना, आकृती ताठ येते, कधी एका बाजूला कलंडते. अँटिकच्या सरावाने हात बिघडतो का?

उत्तर : हात बिघडत नाही, सवय आड येते. आधी पुतळा, मग माणूस हा क्रम युरोपातल्या अकादमींचा. १८५७ साली सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्येही तोच रुजला. नग्न मॉडेलवरचा अभ्यास तिथले प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत, १९१९च्या सुमारास आला. पुतळा हलत नाही, दमत नाही, शिवाय एकरंगी. त्यामुळे छायाप्रकाश पक्का होतो. ग्रीक पुतळेही बऱ्याचदा एका पायावर भार देऊनच उभे असतात, पण विद्यार्थी डोक्यापासून बाह्यरेषा ओढत खाली येतो आणि नेमका तो भार नजरेतून सुटतो.

म्हणून पहिली ५ मिनिटं बाह्यरेषा नकोच. डोक्याची आणि तळव्यांची खूण करून ओळंबा धरा. भार एका पायावर असेल, तर गळ्याखालच्या खळीतून सोडलेली रेघ त्याच पायाच्या घोट्याजवळ उतरते. चित्रात ती दोन पावलांच्या मधोमध आली, की आकृती कलंडलीच. भाराच्या बाजूचं कंबरेचं हाड वर जातं, खांदा बहुधा खाली येतो; कंबरेची आणि खांद्यांची रेघ समांतर काढली की ताठपणा येतो. साडेसात डोक्यांचं माप (पूर्ण उंची म्हणजे डोक्याच्या उंचीची साडेसातपट) फक्त पडताळणीपुरतं वापरा. उभ्या आकृतीचा मध्य जांघेशी येतो, बेंबीशी नाही. पाय आखूड पडतात ते बहुतेक इथेच चुकल्यामुळे.

मॉडेलची पावलं खडूने आखून घ्या. २० मिनिटांत कंबर सरकतेच. तरी पहिल्या रेघांवर ठाम राहा, नाहीतर धड एका पोझचं आणि पाय दुसऱ्या पोझचे होतात. अँटिकची शिस्त खरी कामाला येते ती छटा भरताना : डोळे किलकिले करून सावली एकसंध भरा. सावलीतला परावर्तित उजेड कागदाइतका पांढरा ठेवलात, तर कातडीचंही प्लास्टर होईल.

प्रश्न : मॉडेल परवडत नाही. मोबाइलच्या फोटोवरून चालेल?

उत्तर : सरावाला चालेल. फोन १०-१२ फूट लांब आणि पोटाच्या उंचीवर धरा. जवळून, डोळ्यांच्या पातळीवरून काढलेल्या फोटोत डोकं मोठं आणि पाय आखूड दिसतात. उजेड एकाच खिडकीचा ठेवा, फ्लॅश बंद.