घोडा उचलणारी ती पोरगी आली कुठनं?

प्रश्न : माझी ९ वर्षांची लेक घोडा उचलणाऱ्या, एकटीच राहणाऱ्या पिप्पीच्या गोष्टींवर जाम खूश आहे, रंकाळ्यावर फिरताना पण तेच, "आई, ती एकटी कशी राहते गं?" लिहिणारी बाई पण अशीच बंडखोर होती का? – एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : होती की ताई! अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन, जन्म १९०७, स्वीडनमधल्या विमरब्यूजवळच्या शेतकऱ्याची मुलगी. लग्नाआधीच दिवस गेले, गाव छोटं, लोकांची तोंडं कोण धरणार, म्हणून स्टॉकहोमला गेली आणि १९२६ ला कोपनहेगनमध्ये मुलगा झाला, लार्स, त्याला तिथंच एका बाईकडं सांभाळायला ठेवावं लागलं, पैसे साठवून साठवून ट्रेननं भेटायला जायची, अशी तीन वर्षं काढली हो तिनं. वाचताना गलबलून येतं. तिच्या पुस्तकात आईबापाविना पोरं एवढी का, ते मला तरी इथंच कळलं.

पिप्पी मात्र अ‍ॅस्ट्रिडच्या लेकीमुळं आली. १९४१ ला ही लेक, कारिन, न्यूमोनियानं झोपून होती, म्हणाली पिप्पी लाँगस्ट्रुम्पची गोष्ट सांग, म्हणजे लांब मोज्यांची पिप्पी, नाव तिनंच तिथल्या तिथं काढलेलं! पुढं १९४४ ला आई बर्फावर घसरली, पाय मुरगळला, मग पडल्या पडल्या सगळं लिहून काढलं. एका प्रकाशकानं साभार परत पाठवलं, दुसऱ्यानं १९४५ ला छापलं. लेकीला सांगा, हे नाव तिच्यासारख्याच एका छोट्या पोरीनं ठेवलंय.