पोल्का, पोलकं आणि ग्रॅमी

प्रश्न असा आलाय: "पोल्का संगीतासाठी वेगळं ग्रॅमी असायचं म्हणे. हा शब्द कुठला? आणि परकर-पोलक्यातलं पोलकं ते हेच का?"

आधी एक सांगतो, पोल्का म्हणजे ठिपके नव्हेत. "पोल्काची साडी", "पोल्काचा कुर्ता" ऐकून कान किटले. पोल्का हा बोहेमियातला, म्हणजे आजच्या चेकियातला, दोनाच्या ठेक्यावरचा जोडीनाच. १८४४च्या आगेमागे पॅरिस-लंडनला त्याचं असं वेड लागलं की दुकानदारांनी दिसेल त्या मालावर पोल्का हे नाव डकवलं. ठिपक्यांनाही ते असंच चिकटलं.

त्याच लाटेत बायकांच्या अंगासरशा विणलेल्या जाकिटालाही इंग्रजीत पोल्का म्हणू लागले. आपलं पोलकं तिथूनच आलं, असं माझं ठाम मत. मडमांचं जाकीट इथल्या शिंप्यांनी पाहिलं, नाव उचललं आणि मराठीनं त्याला सरळ नपुंसकलिंगात बसवलं. चोळीला पुढे गाठ. पोलक्याला बटणं, आणि लांबी पोट झाकेल एवढी. कपडा नवा, तर नावही नवं. 'पोकळ'वरून पोलकं काढणाऱ्यांनी मधला 'क' शेवटी कसा गेला ते सांगावं, मग बोलू.

मूळ शब्दावर कोशकारांशी माझं भांडण आहे. चेकमध्ये 'पोल्का' म्हणजे पोलिश बाई. १८३०-३१च्या पोलिश उठावाबद्दलच्या सहानुभूतीतून नाचाला हे नाव पडलं, असं त्यांतले बरेच म्हणतात. सहानुभूतीनं पाय थिरकतात होय? चेकमध्येच 'पूल्का' म्हणजे निम्मं. नाचात अर्धं पाऊल आहे, नाचणारे पावलं मोजतात, आणखी काय हवं?

हं, ग्रॅमी. १९८६ ते २००९ असा वेगळा विभाग खरंच होता. पहिलं ग्रॅमी क्लीव्हलंडच्या फ्रँकी यांकोविचला, तो स्लोव्हेनियन घरातला. पुढे २४पैकी १८ एकट्या जिमी स्टरनं नेली, तो आयरिश वंशाचा! पोलिश बाईवाल्यांनी याचीही नोंद घ्यावी. कॅनडाच्या वॉल्टर ओस्टानेकनं ओळीनं तीन पटकावली. एकाच्याच घरी अठरा ग्रॅमी म्हणजे पुरस्कार कसला, वतनच ते. २००९मध्ये ग्रॅमी देणाऱ्या अकादमीनं विभाग मोडला आणि पोल्कावाल्यांना लोकसंगीताच्या गर्दीत लोटलं. २०१२पासून प्रादेशिक परंपरांच्या अल्बमचा विभाग आहे. लुइझियानातल्या केजन आणि हवाईयन संगीताच्या शेजारी पोल्काला तिथे उभं राहता येतं.