‘दूध पुरत नाही’ : सतराव्या दिवसाची बाळंतीण

गृहभेटीत सर्वांत जास्त ऐकू येणारी काळजी म्हणजे अंगावरचं दूध बाळाला पुरत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात माहेरी आलेल्या पहिलटकरणीच्या आईनेही तेच सांगितलं. “दूदच नाई पुरत त्याले, बाई. रातभर किरकिर करते. म्हणून बाटली लावली.”

बाळंतपण दवाखान्यात झालेलं, पण नोंद सासरच्या गावच्या आशाकडे, म्हणजे गावातल्या आरोग्य सेविकेकडे. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाने घरी यायचं असतं. मुलगी माहेरी गेली की या भेटी दोन गावांच्या मधेच हरवतात. इथेही पहिल्या तीन झाल्याच नव्हत्या. सुटी होताना माहेरच्या आशाचा फोन नंबर कार्डावर लिहून घेतला असता, तर हे सातव्या दिवशीच कळलं असतं.

जन्माचं वजन २७०० ग्रॅम, सतराव्या दिवशी झबलं उतरवून भरलं ते २५६०. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतंच, पण दोन आठवड्यांत ते जन्माइतकं भरायला हवं. नाही भरलं तर घरगुती सल्ल्यावर वेळ घालवायचा नाही. म्हणून बाळाला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवलं. जंतुसंसर्ग नाही, कावीळ नाही. प्रश्न पाजण्याचाच होता.

अशा वेळी ‘दूध येतं का’ असं विचारून काही हाती लागत नाही. बाई नाहीच म्हणते. विचारायचं ते शू किती वेळा होते. पहिला आठवडा उलटल्यावर चोवीस तासांत निदान सहा वेळा दुपटं ओलं व्हायला हवं. इथे चारदा होत होतं, तेही पिवळं. मग एक पाजणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून पाहिलं. बाळाच्या तोंडात नुसतं बोंड, गाल आत ओढलेले, चुटचुट आवाज. बोंडाला चिरा पडलेल्या, म्हणून आई दोन मिनिटांत सोडवायची. दिवसातून पाच-सहा वेळाच अंगावर, बाकी बाटली. डबा महाग, म्हणून शंभर मिली पाण्यात एकच चमचा पावडर. डब्यावर लिहिलेलं माप तीस मिलीला एक. पोट पाण्याने भरायचं, बाळ झोपायचं, आणि ओढणं कमी झालं की दूध आणखी कमी उतरायचं.

बसणं बदललं. बाळाचं पोट आईच्या पोटाला टेकलेलं, डोकं आणि पाठ एका रेषेत. तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायचं, मग काळ्या भागासह आत द्यायचं. हनुवटी टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. बरोबर लागलं की दुखणं बरंच कमी होतं. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजायचं, रात्री उठवूनसुद्धा. पाजून झालं की हाताने दूध काढून वाटी-चमच्याने द्यायचं. बाटली त्याच दिवशी बंद केली, पण वरचं दूध एकदम नाही. ते बरोबर मापाने, वाटी-चमच्यानेच, वजन पाहत कमी करत आणलं.

खरं समुपदेशन आजीचं करायचं होतं. बाळंतिणीचं पाणी तोडलेलं, वरण आणि पालेभाजी बंद. पाणी प्यायल्याने दूध वाढत नाही, पण तहान मारून बाळंतीण गळून जाते. आजीला ‘तुमचं चुकलं’ म्हटलं की दार बंद होतं. दुपट्यांची मोजणी तिच्याकडेच दिली. जमिनीवर कोळशाने रेघा ओढायच्या. चौथ्या दिवशी सात रेघा तिनेच दाखवल्या. २१ व्या दिवशी वजन २६५० आणि वरचं दूध पूर्ण बंद; २८ व्या दिवशी २८५०.

संध्याकाळची किरकिर थांबली नाही, ती दीड महिन्यापर्यंत बऱ्याच बाळांत वाढतेच. वजन आणि शू ठीक असेल तर ते भुकेचं लक्षण धरू नये. उन्हाळ्यातही सहा महिन्यांपर्यंत वेगळं पाणी किंवा गुटी लागत नाही. पण बाळाने ओढायचंच सोडलं, अंग थंड किंवा तापलेलं लागलं, छाती आत ओढली जात असली किंवा मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास मोजले, तर वजनकाटा शोधत बसू नका. १०८ ला फोन करा.