लाल कंधारी गाय दुधासाठी घ्यावी का?

पाच एकर कोरडवाहू आहे, दारात लाल रंगाची देशी गाय हवी आणि तिच्या दुधावर घरखर्चही निघावा, असं तुम्ही विचारलंय. घरखर्चाची आशा धरणार असाल, तर लाल कंधारी घेऊ नका. शेतीसाठी घेणार असाल, तर जरूर घ्या.

मी नांदेडकडचा, आमच्या दावणीला पहिल्यापासून हीच जनावरं. एका वेताला, म्हणजे गाय व्याल्यापासून आटेपर्यंत, सरासरी 600 लिटरच्या आसपास दूध मिळतं. म्हणजे रोज दोन-तीन लिटर. वासराला पाजून उरलेल्यात घरचा चहा, दही, थोडं तूप होतं. विकण्याइतकं दूध हवं असेल, तर साहिवाल किंवा लाल सिंधी बघा. लाल सिंधी चांगली निगा राखली तर वेताला 2,000 लिटरच्याही पुढे जाते. पण त्यासाठी हिरवा चारा आणि खुराक रोज लागतो, आणि कोरडवाहूत उन्हाळ्यात हिरवा चारा आणणार कुठून?

लाल कंधारीची खरी कमाई गोऱ्ह्यांत, म्हणजे नर वासरांत आहे. ही जात कंधार, लोहा, मुखेड, अहमदपूर या पट्ट्यात शेतीकामासाठीच जोपासली गेली. आपल्याकडे तिला लखलबुंदाही म्हणतात. मध्यम बांधा, गडद लाल रंग. बैल कडब्यावर भागवून घेतात आणि भर उन्हात वखर, तिफण, गाडी सगळं ओढतात. खिल्लार जातीच्या बैलांचा वेग त्यांच्यात नाही, पण दिवसभर एका चालीने चालतात. घरच्या गाईचे दोन गोऱ्हे जोताला लागले की बैलजोडीचा खर्च वाचतो, आणि आजचे बैलांचे भाव पाहता ही रक्कम लहान नाही.

घ्यायची असेल तर लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत एकदा फिरून या. खंडोबाच्या त्या यात्रेत चांगली लाल कंधारी जनावरं एका जागी बघायला मिळतात, नजर तयार होते. दुसऱ्या-तिसऱ्या वेताची, वासरू पायाशी असलेली गाय निवडा आणि समोर धार काढायला लावा. अंगावर पांढरे पट्टे असतील तर देवणी जातीचा किंवा विदेशी संकर असू शकतो, तेव्हा मालकाला आई आणि वळू कोणते होते ते विचारा.

आणि गाय माजावर आली की रेतन कंधारी वळूचंच मागा, लगेच मिळतंय म्हणून जर्सीचं भरू नका. कालवड झाली तर दूध वाढेल, पण गोऱ्हा झाला तर त्याला वशिंड नसल्यात जमा. जू मानेवर नीट टेकत नाही, ऊनही सोसत नाही, आणि शेवटी बैल विकत आणावाच लागतो.