आद्याक्षरांच्या गोष्टींपासून सावध

इंग्रजी शब्द कुठून आले याच्या अभ्यासात नवीन आहात म्हणून आधी हेच सांगतो: एखादा शब्द आद्याक्षरं जोडून बनला अशी व्युत्पत्ती दिसली की लगेच विश्वास ठेवू नका. 'न्यूज' म्हणजे चार दिशांची इंग्रजी आद्याक्षरं, हे साफ खोटं. तो 'न्यू'वरूनच आलेला जुना शब्द. आद्याक्षरं जोडून शब्द घडवणं विसाव्या शतकात रुळलं. असा बनलेला 'रडार' १९४०च्या सुमाराचा. म्हणून कोशात शब्दाचा सर्वांत जुना लेखी पुरावा आणि तेव्हाचा अर्थ शोधा. खऱ्या वाटा जास्त नवलाच्या असतात. 'मसल' लॅटिनमधल्या 'छोट्या उंदरा'वरून आला. कातडीखाली हलणारा स्नायू बहुधा तसा वाटला असावा. 'नाइस'चा मूळ अर्थ 'अडाणी'! आणि 'मंगूस' तर आपल्या मराठी 'मुंगूस'वरूनच आला. अभ्यासाला सुरुवात त्याच्यापासून करा, मूळ शब्द तुमच्या ओळखीचा आहे.